कोड कोणाला कळला आहे?

सॉफ्टवेअर लिहिताना यंत्राची, म्हणजे सांगितल्यावर कोड लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची, मदत घ्यावी की नाही या वादापेक्षा तो ज्या रीतीने घातला जातो ती रीत मला अधिक खटकते. एक पक्ष २०२३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पुढे करतो: ९५ प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर (वेबवरच्या मागण्यांना उत्तर देणारा प्रोग्राम) लिहायचे काम दिले गेले आणि ज्यांच्या हाताशी गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारे साधन होते त्यांनी ते ५५.८ टक्के कमी वेळात उरकले. दुसरा पक्ष जुलै २०२५ मध्ये एम.ई.टी.आर. या संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेला प्रयोग दाखवतो: १६ अनुभवी डेव्हलपरांनी, ज्या मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांवर ते सरासरी पाच वर्षे राबत होते त्याच प्रकल्पांतली २४६ कामे केली आणि यंत्राची मदत घेण्याची मुभा असलेल्या कामांना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि एक आकडा दुसऱ्याला खोटा पाडतो असे दोन्ही पक्षांना वाटते. वस्तुतः रिकाम्या मैदानावर तंबू ठोकायला लागणारा वेळ आणि लोक राहत असलेल्या इमारतीतली एक भिंत हलवायला लागणारा वेळ यांची ही तुलना आहे. एचटीटीपी सर्व्हर हे हजारो वेळा लिहून झालेले, सर्वांना ठाऊक असलेले काम. उलट अनेक वर्षे वाढत गेलेल्या प्रकल्पात एक लहानसा बदल करायचा म्हणजे आधीच्या शेकडो अलिखित निर्णयांशी जुळवून घ्यायचे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत त्याच भांड्यातले असावे लागते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात कोड ही दुर्मीळ वस्तू कधीच नव्हती. हा कोड असा का आहे, हे ज्याला सांगता येते आणि बाहेरची परिस्थिती बदलली की त्यात नेमका कुठे हात घालावा हे ज्याला ठरवता येते, तो माणूस दुर्मीळ आहे. यंत्राने लिहिण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला, याला माझी हरकत नाही. मी स्वतः रोज त्याचा फायदा घेतो. हरकत आहे ती लिहिण्याबरोबर कळण्याचा खर्चही शून्य झाला असे धरून चालणाऱ्या हिशेबाला. ज्या कोडबद्दल एकही माणूस उत्तर देऊ शकत नाही तो कोड, कितीही लवकर लिहून झाला असला तरी, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोकांच्या प्रत्यक्ष वापरात, जाता कामा नये. आणि हा नियम पाळायचा असेल तर वाचलेला वेळ नव्या कोडवर खर्च न करता समजून घेण्यावर खर्च करावा लागेल.

या विचाराचे श्रेय माझे नाही. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ सालच्या एका निबंधात तो मांडला. नाउर काही बाहेर बसून टीका करणारे नव्हते. अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेच्या अहवालाचे ते संपादक, १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे भरलेल्या ज्या परिषदेने ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्द रूढ केला तिच्या अहवालाचे सहसंपादक, आणि पुढे संगणकशास्त्रातल्या सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या ट्युरिंग पुरस्काराचे २००५ सालचे मानकरी. त्यांचे म्हणणे असे की प्रोग्रामिंगमधून खरोखर निर्माण होते ते प्रोग्रामरच्या डोक्यातले आकलन. त्याला ते ‘थिअरी’ म्हणतात. कोड आणि कागदपत्रे ही त्या आकलनाची सावली. त्यांनी एका कंपायलरचे, म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडचे संगणकाच्या आज्ञांमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचे, उदाहरण दिले आहे. एका गटाने तो बांधला. दुसऱ्या गटाला थोड्या वाढीव भाषेसाठी त्याचाच विस्तार करायचा होता. दुसऱ्या गटाकडे संपूर्ण कोड होता, भरपूर कागदपत्रे होती, वर पहिल्या गटाचा सल्लाही होता. तरीही त्यांनी सुचवलेले अनेक बदल मूळ रचनेत आधीच असलेल्या सोयी न ओळखता वरून लावलेली ठिगळे निघाली. पहिल्या गटाला ती ठिगळे पाहताक्षणी दिसली आणि त्याच रचनेत बसणारे सोपे उपायही त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. पुढे पहिला गट बाजूला झाला, आणि सुमारे दहा वर्षांनी त्या गटातल्या एकाने त्या कंपायलरची माहिती घेतली तेव्हा मूळची रचना ओळखू येत होती, पण निराकार भरतीखाली ती निकामी झाली होती. या गोष्टीत यंत्र कुठेच नाही. कोड वाचता येणे आणि कोड कळणे यांत केवढे अंतर असते, एवढेच तिच्यातून दिसते.

आता विरुद्ध बाजूचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. वेग वाढतो हे केवळ प्रयोगशाळेतले चित्र नाही: तीन कंपन्यांमधल्या ४,८६७ डेव्हलपरांवर केलेल्या प्रत्यक्ष प्रयोगांत पूर्ण झालेल्या कामांची संख्या सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि कमी अनुभवाच्या लोकांना लाभ जास्त झाला. क्षमताही झपाट्याने वाढली आहे. १२ पायथन प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारी गोळा करून २०२३ साली एस.डब्ल्यू.ई.-बेंच ही कसोटी तयार झाली, तेव्हा सर्वोत्तम भाषा-मॉडेलला (अशा यंत्रामागच्या मजकूर आणि कोड लिहिणाऱ्या प्रणालीला) त्यातल्या दोन टक्केही सोडवता आल्या नव्हत्या. दोन वर्षांच्या आत तिच्याच तपासून निवडलेल्या ५०० प्रश्नांवर मॉडेल ७० टक्क्यांच्या पुढे गेली. एम.ई.टी.आर.चा १९ टक्क्यांचा आकडाही २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांचा आहे, आणि तो सर्वत्र लागू करू नये असे त्या संशोधकांनीच बजावले आहे. यंत्र निरुपयोगी आहे असे सिद्ध करण्यासाठी जे लोक तो आकडा फडकावतात ते स्वतःचीच बाजू कमकुवत करतात. साधने सुधारली की आकडा उलटेल, आणि मग त्यांच्याकडे बोलायला काही उरणार नाही.

मला त्या प्रयोगातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. काम सुरू करण्यापूर्वी त्या डेव्हलपरांचा अंदाज होता की यंत्रामुळे आपला वेळ २४ टक्क्यांनी कमी होईल. काम संपल्यावर, प्रत्यक्षात वेळ वाढलेला असतानाही, तो २० टक्क्यांनी कमी झाला असेच त्यांना वाटत होते. ही माणसे नवखी नव्हती. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी ४७ जणांवर केलेल्या अभ्यासात याच प्रकारचा भास सुरक्षिततेबाबत आढळला होता: यंत्राची मदत असलेल्यांनी अधिक असुरक्षित कोड लिहिला, आणि आपला कोड सुरक्षित आहे असा विश्वासही त्यांनाच जास्त होता. साधने सुधारतील तसा पहिला दोष कमी होईल, दुसऱ्याचे काय? ज्या कामात ‘मला हे कळले आहे’ ही भावनाच दगा देते त्या कामात आपल्या समाधानावर विसंबून धोरण ठरवणे कितपत शहाणपणाचे? रस्ता माहीत असलेल्या सोबत्यामागून चालताना आपल्यालाही रस्ता पाठ झाला असे वाटते; सोबती नसताना पहिल्या चौकातच ते खोटे ठरते.

या वादातला सर्वांत जोरकस युक्तिवाद इतिहासातून येतो, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे. आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर दिला, त्याआधी यंत्रभाषेत हाताने लिहिणाऱ्या अनेकांना, यंत्राने निर्माण केलेला कोड माणसाच्या कोडच्या तोडीचा होऊ शकेल यावर विश्वास नव्हता. तेव्हा कंपायलरच्या कामाला ‘स्वयंचलित प्रोग्रामिंग’ असेच म्हणत. आज कंपायलरने तयार केलेला यंत्रकोड कोण वाचतो? मग उद्या यंत्राने लिहिलेला पायथन किंवा जावा कोणी का वाचावा? आपण एक पायरी वर चढलो एवढेच, असे हे म्हणणे.

या युक्तिवादाला माझ्या बाजूचे लोक सहसा जे उत्तर देतात ते मला पटत नाही. कंपायलर तेच लिहिले की तेच देतो, भाषा-मॉडेल दर वेळी वेगळे देते, असे ते सांगतात. पण मॉडेलला दर वेळी तेच उत्तर द्यायला लावणे ही तांत्रिक बाब आहे, आणि रोज तीच चूक करणारा यंत्रलेखक मला अधिक विश्वासार्ह का वाटावा? ग्यानबाची मेख दुसरीकडे आहे. कंपायलरच्या दोन्ही टोकांना अर्थ ठरलेला असतो. फोर्ट्रानच्या ओळीचा अर्थ काय, हे भाषेची व्याख्या सांगते. संगणकाच्या आज्ञेचा अर्थ काय, हे त्या संगणकाची व्याख्या सांगते. आणि कंपायलर चुकला की नाही हे या दोहोंना समोर ठेवून ठरवता येते. २०११ साली युटा विद्यापीठातील संशोधकांनी सीस्मिथ हे साधन वापरून सी भाषेच्या कंपायलरांमध्ये तीनशेहून अधिक बग (चुका) शोधल्याचे प्रसिद्ध केले. ते शोधता आले, कारण बरोबर उत्तर कोणते हे सी भाषेच्या प्रमाणित व्याख्येत आधीच बांधलेले होते. त्याच अभ्यासात, ज्याच्या अचूकतेची गणिती सिद्धता दिलेली आहे त्या कॉम्पसर्ट कंपायलरच्या सिद्ध केलेल्या भागात त्यांना चुकीचा कोड निर्माण करणारा एकही बग सापडला नाही. आता ‘ग्राहकाने रद्द केलेल्या नोंदणीचे पैसे परत द्यायची सोय कर’ या वाक्याची व्याख्या कुठे आहे? अर्धी नोंदणी रद्द केली तर काय, दोनदा बटण दाबले तर काय, परतावा मध्येच अडकला तर काय? वाक्यात या प्रश्नांची उत्तरे नाहीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? यंत्र पोहरा भरून आणते खरे, पण ते पाणी कुठले हे ते सांगत नाही. ते त्या जागा संभाव्य वाटणाऱ्या निर्णयांनी भरते. त्यातले बरेच निर्णय चांगलेही असतात. मात्र ते घेतले गेले आहेत हेच कोणाला माहीत नसते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस नैसर्गिक भाषेत प्रोग्रामिंग करण्याच्या कल्पनेवर टीका करताना चिन्हांच्या औपचारिक भाषेला ओझे न मानता सोय मानावे असे सांगितले होते, कारण आपल्या मातृभाषेत सहज बोलून जातो असा बराचसा निरर्थकपणा त्या भाषेत बोलताच येत नाही. फोर्ट्रानने लेखकाला एक पायरी वर नेले आणि त्या पायरीवरही प्रत्येक शब्दाची जबाबदारी त्याच्याकडेच ठेवली. आताची पायरी तशी नाही. इथे लेखक अर्धी जबाबदारी खालीच विसरून वर चढतो.

मग टेस्ट, म्हणजे कोड चालवून त्याचे उत्तर पडताळणारे छोटे प्रोग्राम, आहेत ना, असे म्हटले जाते. कोड न वाचता, तो टेस्टमध्ये उत्तीर्ण होतो की नाही एवढेच पाहावे. टेस्टमुळे बग असल्याचे दाखवता येते, नसल्याचे कधीच दाखवता येत नाही, हे डायक्स्ट्रा यांचेच जुने निरीक्षण; ते इथे पुन्हा सांगायची गरज पडावी याचेच मला नवल वाटते. ह्यूमनइव्हॅल या १६४ प्रश्नांच्या प्रसिद्ध कसोटीत २०२३ साली संशोधकांनी टेस्टची संख्या सुमारे ८० पट वाढवली, तेव्हा आधी बरोबर गणली गेलेली कितीतरी उत्तरे चूक निघाली आणि मॉडेलांचे क्रमही काही ठिकाणी बदलले. ही अवस्था अगदी छोट्या, स्वयंपूर्ण कोड्यांची. प्रत्यक्षात तर टेस्टही अनेकदा तेच यंत्र लिहिते, त्याच अपुऱ्या वाक्यावरून आणि त्याच गैरसमजातून. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी आणि निकाल शंभर टक्के लागला म्हणून शाळेने पेढे वाटावेत, तसा हा प्रकार.

याहून अवघड आक्षेप असा की माणसांना तरी स्वतःचा कोड कुठे कळत होता? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, कारण आपल्या व्यवसायातल्या मोठ्या अपघातांची यादी माणसांच्याच हस्ताक्षरात आहे. ४ जून १९९६ रोजी आरियान ५ हे अग्निबाण उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नाही, एवढे त्याचे तात्कालिक कारण. तो कोड आरियान ४ वरून उचललेला होता आणि तिथे त्या रूपांतराला संरक्षण न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता, कारण आरियान ४ च्या मार्गात ती किंमत तेवढी मोठी होणे शक्य नव्हते. कोडचा प्रवास झाला, त्यामागच्या कारणाचा झाला नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर दलाली संस्थेने सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले: नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर पोहोचलाच नव्हता, आणि नव्या कामासाठी पुन्हा वापरलेल्या एका खुणेने त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे वापरात नसलेला जुना कोड जागा केला. तो मेलेला कोड तिथे का ठेवला आहे, हे कोणी सांगू शकले असते तर तो काढून टाकला गेला असता.

म्हणजे न कळलेला कोड ही यंत्राची देणगी नव्हे; ते आपले जुने दुखणे आहे. पण जुने आहे म्हणून ते वाढू द्यावे, हा कुठला न्याय? आजवर एका गोष्टीने त्याला आपोआप लगाम घातला होता. लिहिणे महाग होते, म्हणून लिहिणाऱ्याला लिहिता लिहिता थोडे तरी कळत असे, आणि न कळलेला कोड वाढण्याचा वेग लिहिणाऱ्या बोटांच्या वेगाइतकाच राही. तो लगाम आता सुटला आहे. डायक्स्ट्रा यांनी १९७२ च्या ट्युरिंग व्याख्यानात गमतीने सांगितले होते की संगणक नव्हते तेव्हा प्रोग्रामिंगचा प्रश्नच नव्हता, थोडे दुबळे संगणक आले तेव्हा प्रश्न सौम्य होता, आणि महाकाय संगणक आल्यावर तोही महाकाय झाला. क्षमता स्वस्त झाली की महत्त्वाकांक्षा तिच्या पुढे धावते. लिहिणे स्वस्त झाल्यावर आपण तेवढेच लिहू आणि उरलेल्या वेळात विचार करू, असे मानायला या इतिहासात काहीही आधार नाही.

माझ्या मताला सर्वांत अडचणीचा वाटलेला पुरावा लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. २०२५ साली १५१ जणांचा एक दोन टप्प्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्यात काहींनी यंत्राच्या मदतीने आणि काहींनी तिच्याविना एका जावा प्रकल्पात भर घातली. दुसऱ्या टप्प्यात वेगळ्याच लोकांनी, यंत्राशिवाय, तो कोड पुढे वाढवला. यंत्राच्या मदतीने लिहिलेला कोड पुढच्यांना हाताळायला जड गेला असे काही आढळले नाही. माझे भाकीत सरळसरळ खरे असते तर तो जड जायला हवा होता. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. त्या प्रयोगातली कामे काही तासांची होती, आणि एका माणसाने पाहिलेला, त्याच्या आवाक्यातला कोड दुसऱ्याकडे गेला होता. नाउर यांच्या उदाहरणातल्या कंपायलरवर जी भरती चढली ती वर्षानुवर्षांची आणि अनेक हातांची होती. शिवाय पहिल्या टप्प्यातल्या माणसांनी यंत्राचे काम एका विशिष्ट मर्यादेत करून घेतले होते. मला तर हा पुरावा असाच वाचावासा वाटतो की माणूस मध्ये असेल आणि काम त्याच्या पकडीत असेल तोवर यंत्राने लिहिलेला कोड वाईट ठरत नाही. हजारो ओळींचे बदल कोणी न वाचता जोडले जातात तेव्हा काय होते, हे या प्रयोगाने तपासलेले नाही. ते तपासणारा दीर्घ मुदतीचा प्रयोग व्हायला हवा, आणि त्यात मी चुकलो असे निघाले तर मला आनंदच होईल.

दुसरी बाजू कुठे चुकते हे दाखवताना एक दिशा मात्र मला मनापासून आशादायक वाटते, आणि तिच्याकडे या वादात फारसे कोणी वळत नाही. २००९ साली एसईएल४ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या अचूकतेची संपूर्ण गणिती सिद्धता पूर्ण झाली. सी भाषेतला कोड सुमारे ८,७०० ओळींचा. सिद्धता सुमारे दोन लाख ओळींची. खर्च सुमारे २० मनुष्यवर्षांचा. एवढ्या खर्चामुळेच ही पद्धत विमाने, रेल्वे आणि गुप्तलेखन यांच्यासारख्या मोजक्या क्षेत्रांपलीकडे गेली नाही. सिद्धतेचा एक गुण असा की ती लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. तपासणारा प्रोग्राम लहान आणि कठोर असतो, आणि सिद्धता चुकली तर तो ती नाकारतो. भाषा-मॉडेलचा थापा मारण्याचा दोष इथे निरुपद्रवी ठरतो. लिहिण्याचे कष्ट यंत्राने घ्यावेत असे एखादे क्षेत्र असेल तर ते हे आहे! पण इथेही एक काम उरतेच. सिद्ध काय करायचे? ‘परतावा कधीही दोनदा जाणार नाही’ हे वाक्य औपचारिक भाषेत कोणी तरी लिहावे लागेल, आणि ते आपल्याला खरोखर हवे असलेले वाक्य आहे की नाही हे कोणतीही सिद्धता सांगू शकत नाही. आकलनाची जागा इथे हलते, वर सरकते, पण रिकामी होत नाही. आणि फोर्ट्रानशी तुलना करायचीच असेल तर ती या वाटेशी करावी, कारण इथे वरच्या पायरीलाही व्याख्या आहे.

आज मात्र आपण त्या वाटेने चाललेलो नाही. आज वाचलेला वेळ रिव्ह्यू करणाऱ्याच्या, म्हणजे दुसऱ्याचा बदल वाचून मंजूर करणाऱ्याच्या, डोक्यावर जातो. लिहिणाऱ्याला दहा मिनिटे लागलेला बदल वाचायला दोन तास लागतात, आणि पूर्वी लिहिणाऱ्याच्या दोन दिवसांमध्ये जी चाळणी लागत असे ती आता उरलेली नाही. मी स्वतः असा एक बदल मंजूर केला होता: नीटनेटकी नावे, भरपूर टिप्पण्या, सगळ्या टेस्ट हिरव्या. महिन्याभराने तो बिघडला तेव्हा ज्याच्या नावावर तो होता त्या सहकाऱ्याला मी विचारले की ही पुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादा तीनच का ठेवली आहे. तो प्रांजळपणे म्हणाला, ‘तसे आले होते.’ मला त्याला बोल लावता येईना, कारण मंजुरी माझी होती आणि तो प्रश्न महिन्यापूर्वी मलाही सुचला नव्हता. नीट मांडलेला मजकूर समजलेला मजकूर वाटतो, ही वाचणाऱ्याचीही फसगत आहे. या फसगतीचा गैरफायदाही घेता येतो: १६ मॉडेलांकडून ५,७६,००० कोडचे नमुने घेऊन केलेल्या एका अभ्यासात सुचवलेल्या पॅकेजांपैकी (इतरांनी लिहिलेल्या, आयत्या वापरायच्या कोडच्या संचांपैकी) सुमारे एक पंचमांश अस्तित्वातच नव्हती. त्यातली काही नावे पुन्हा पुन्हा येतात, आणि असे नाव आधीच नोंदवून त्यामागे घातक कोड ठेवणे कोणालाही शक्य आहे.

नव्या मुलांचे काय होईल, या प्रश्नावर फार लिहिले जाते, म्हणून मी थोडक्यात सांगतो. १९८३ साली मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी औद्योगिक स्वयंचलनाबद्दल एक विसंगती दाखवली होती: सोपी कामे यंत्राकडे जातात, माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि ते हाताळण्याचे कसब ज्या सोप्या कामांतून येते ती कामेच त्याच्याकडून काढून घेतलेली असतात. २६ टक्क्यांच्या त्या प्रयोगात नवख्यांना जास्त लाभ झाला हे मी वर सांगितले. तो लाभ त्या महिन्यांपुरता मोजलेला आहे. आणखी दहा वर्षांनी आरियानच्या कोडमधली ती संख्या पाहून ‘थांबा’ म्हणणारा माणूस कोणत्या कामातून घडणार, हे त्या मोजणीत येऊ शकत नाही.

मग करायचे काय? बंदी घालून काही होणार नाही, आणि यंत्राने किती टक्के कोड लिहिला हे जाहीर करण्याची कंपन्यांमधली सध्याची चढाओढ तर निव्वळ हास्यास्पद आहे. एखाद्या रुग्णालयाने किती शाई वापरली यावरून ते चांगले ठरवण्यासारखे आहे ते. प्रत्येक बदलाबरोबर, कोडमध्ये दिसत नाहीत असे जे निर्णय त्यात दडलेले आहेत ते बदल पाठवणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावेत, आणि हे टिपण यंत्राने लिहिलेले चालणार नाही, असा नियम करता येतो. बदलाचा आकार लिहिणाऱ्याच्या वेगावरून न ठरवता, वाचणाऱ्याला एका बैठकीत किती नीट वाचता येईल यावरून ठरवता येतो. रिव्ह्यू करणाऱ्याने मंजुरीपूर्वी ‘हे असे का’ असे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर ‘तसे आले होते’ असेल तर बदल परत पाठवावा. दर तिमाहीला एकदा, जो भाग ज्याने लिहिला नाही त्याच्याकडून यंत्राशिवाय त्यात एक लहान बदल करून घ्यावा आणि त्याला किती वेळ लागतो ते नोंदवावे. वर्षभराच्या नोंदींतून आपल्या प्रणालीचा कोणता भाग अनाथ झाला आहे ते दिसू लागते.

याने वेग कमी होईल, हा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ५५.८ टक्क्यांची बचत प्रत्यक्षात बरीच खाली येईल, काही कामांत तर ती नाहीशीही होईल. पण त्या बचतीचा उरलेला भाग आपल्याला मिळालेलाच नव्हता. तो उसना होता, आणि नाइट कॅपिटलला अशाच उसनवारीची परतफेड पाऊण तासात करावी लागली.